ग्लूटेन-फ्री खायचंय? आधी घरातले डबे उघडून बघा (आणि मग गिरणी अन् हिंगाकडे बघू)

घरात कुणाला सिलिअ‍ॅक (गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रोटीनने आतड्याला इजा होते तो आजार) निघालं की पहिल्या आठवड्यात हमखास काय होतं, ऑनलाइन ग्लूटेन-फ्री आटा, ग्लूटेन-फ्री पास्ता, ग्लूटेन-फ्री कुकीज असलं सगळं मागवलं जातं, एवढ्याशा पाकिटाला एवढाले पैसे, आणि तो ब्रेड एकदा खाल्ला की पेशंटच म्हणतो यापेक्षा मी उपाशी बरा. अहो पण घरात ज्वारी आहे ना? तांदूळ आहे, पोहे आहेत, शेंगदाणे आहेत, उपवासाचा डबा तर भरलेलाच असतो. आपल्याकडच्या रोजच्या जेवणातलं निम्म्याहून जास्त मुळातच बिनग्लूटेनचं आहे, त्यामुळे काय खायचं हा प्रश्न दोन दिवसांत सुटतो. पुढे वर्षानुवर्षं त्रास देतो तो चिमूटभर गहू, जो गिरणीतून, हिंगातून, चाळणीतून गुपचूप ताटात येतो. म्हणून खाली पदार्थ तर सांगतेच पण जास्त वेळ त्या चिमटीवर घालवणार आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. पोट बिघडतंय म्हणून स्वतःच्या मनाने गहू बंद करून मग डॉक्टरकडे जाऊ नका. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी (टीटीजी म्हणतात ती) आणि नंतरची आतड्याची बायोप्सी, दोन्ही गहू खात असतानाच करायच्या असतात, आधीच सोडला तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग खरं काय ते कळायला परत गहू खायला लावतात. आधी तपासणी, मग पथ्य.

ग्लूटेन नक्की कशात

तीन धान्यं लक्षात ठेवायची, गहू, जव आणि राय. राय (हे धान्य आहे, मोहरीची राई नव्हे) आपल्याकडे कुणी खात नाही त्यामुळे तिला सोडा. गव्हाची रूपं मात्र भरपूर आहेत, कणीक, मैदा, रवा, लापशी किंवा दलिया, शेवया, कोंडा, आणि कुरडया! कुरडई गव्हाच्या चिकाची असते हे माहीत असूनही लोक विसरतात कारण ती पापडांच्या डब्यात असते आणि पापड उडदाचा म्हणून चालतो तर कुरडईपण चालेल असं वाटतं. नाही चालत.

खपली गव्हाबद्दल तर दर दोन दिवसांनी कुणीतरी सांगतं की तो जुना गहू आहे, त्यात ग्लूटेन नसतं. असतं. खपली हा गहूच आहे. कुणाला पचायला हलका वाटत असेल तर खुशाल खावा, पण सिलिअ‍ॅकवाल्याला अजिबात नाही, मग तो कितीही ऑरगॅनिक असो.

सातूच्या पिठाचाही घोळ आहे. आपल्याकडे सातूचं पीठ म्हणजे बहुतेक घरांत भाजलेले गहू आणि डाळं, कुठे जव घालतात, म्हणजे दोन्हीकडून बाद. बिहारी सत्तू नुसत्या चण्याचा असतो, तो मुळात चालतो पण पाकिटावर काय काय घातलंय ते वाचून घ्यायचं.

ओट्सचं जरा वेगळं आहे. ओट्समध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं पण शेतात, कारखान्यात ते गव्हा-जवाबरोबर इतकं मिसळतं की साधं पाकीट घेऊ नये, आणि काही पेशंटना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. डॉक्टरांना विचारूनच. खरं सांगायचं तर पोहे असताना ओट्सवाचून कुणाचं काय अडलंय.

भाकरी, म्हणजे मुख्य आधार

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, चारही-पाचही चालतात. ग्लूटेन म्हणजे कणकेला ताण देणारं प्रोटीन, म्हणून पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते. शहरात वाढलेल्या मंडळींची इथेच गाडी अडते, भाकरी फाटते, तव्यावर टाकताना तुकडे होतात, आणि मग कंटाळून त्यात थोडी कणीक मिसळतात "चिकटपणाला". ते करायचं नाही.

त्याऐवजी पाणी उकळतं घ्या. एका भाकरीपुरतं पीठ परातीत, मधे खळगा, त्यात कडकडीत पाणी, चमच्याने ढवळून दोन मिनिटं तसंच राहू द्या, हाताला सोसवलं की तळव्याच्या खालच्या भागाने दाबून दाबून मळा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच चिकटपणाचं काम करतो. मळण्यात आळस केला की कडा चिरणार म्हणजे चिरणार. आणि पीठ ताजं हवं. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की उकळतं पाणीही फारसं उपयोगाचं नाही, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतंच दळा, बाजरीचं तर त्याहून कमी, ते लवकर कडू होतं. नवशिक्यांनी सरळ उकड काढावी, पातेल्यात पाणी-मीठ उकळून त्यात पीठ घालून झाकण, मग मळून प्लास्टिकच्या दोन कागदांमधे लाटायची सुद्धा चालते, आजी हसेल पण भाकरी होईल. वरून लावायला मात्र त्याच पिठाची पिठी, कणीक नाही.

नाचणीला विसरू नका. सिलिअ‍ॅकमध्ये आतड्याचं अस्तर खराब झालेलं असतं त्यामुळे लोह, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हिमोग्लोबिन कमी असतं, हाडं दुखतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्या मानाने नगण्य. नुसत्या भातावर राहिलं की पोट भरतं पण बाकी काही भरत नाही, त्यामुळे आंबील, नाचणीची भाकरी, डाळी, तीळ, पालेभाज्या हे सगळं लागणारच.

खानदेशात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी असते, ती पण मस्त चालते, शेवभाजीबरोबर तर काय बोलायलाच नको. ज्वारीचे बिबडे चालतात. तुरीच्या डाळीचे फुणके चालतात. मांडे नाही, रोडगे नाही, बट्ट्या नाहीत. विदर्भातली उकडपेंडी कुणी कणकेची करतं कुणी ज्वारीची, तर विचारल्याशिवाय ताट पुढे करू नका. हुरडा बिनधास्त खा, फक्त त्याच शेकोटीत गव्हाच्या ओंब्या भाजत असतील तर आपला हुरडा वेगळा चोळून घ्या.

कोकण-गोव्याकडचं जेवण

तांदळावर उभं असलेलं जेवण असल्यामुळे इथे तर चंगळच आहे. घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातले शिरवाळे, पातोळ्या, उकडीचे मोदक, फणसाची सांदणं, गोव्यातल्या सान्ना, दोदोल. माशाला लावायला तांदळाचं पीठ घ्या. इथे एकच मेख आहे, रवा. घरी तांदळाचा रवा लावून बोंबील तळतात पण बऱ्याच हॉटेलात तो गव्हाचा बारीक रवा असतो, रवा-फ्राय म्हटलं की गव्हाचाच समजा. बेबिंकामध्ये मैदा असतो. पाव आणि पोई अर्थातच नाही.

आणि घावन-आंबोळी-इडली-डोशाचा एक मोठा फायदा जो कुणी सांगत नाही, धान्य भिजवून घरीच वाटता येतं, गिरणीचा संबंधच येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत, जोवर दळणाची सोय लागत नाही तोवर, यावरच रहा. रवा डोसा, रवा इडली वगळून हां.

उपवासाचा डबा

साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळी, बटाटे, शेंगदाणे, यातल्या कशातच ग्लूटेन नाही, कारण उपवासाला गहू चालत नाही हा नियम आपल्या आज्यांनीच करून ठेवलाय. म्हणजे प्रवासात, परगावी, काहीच सुचलं नाही तर उपवासाची थाळी मागायची. शिवाय उपवासाच्या जेवणात हिंगही नसतो, त्याचं महत्त्व पुढे कळेल. वरईचा उपमा-शिरा दोन्ही छान होतात, रव्याची आठवण येणाऱ्यांनी करून बघा, तूप जरा सढळ हाताने. राजगिऱ्याच्या पिठाची पुरी करताना उकडलेला बटाटा घालून मळा, लाटताना फाटत नाही. फक्त रोज साबुदाणा खाऊ नका, तो नुसता टॅपिओकाचा स्टार्च आहे, त्यात प्रोटीन जवळपास नसतंच, जे काय मिळतं ते शेंगदाण्याच्या कुटातून.

रोजचा नाश्ता आणि सणाचं

पोहे, दडपे पोहे, तांदळाची उकड, मुगाचं धिरडं, बेसनाचं पोळं, अंडी, साबुदाणा खिचडी, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, यात आठवडा सहज निघतो. दूध, दही, ताक, फळं, भाज्या, कडधान्यं, मटण, मासे हे तर सगळं मुळातच मोकळं आहे, त्यावर लिहायलाच नको.

दिवाळीत भाजणीची चकली (तांदूळ-डाळींची असेल तर, काही जण मैद्याची किंवा कणकेची करतात), शेव, पोह्यांचा चिवडा, अनारसे, हे चालतं. करंजी, शंकरपाळे, चिरोटे नाही. बेसनाच्या लाडवात दाणेदार व्हावा म्हणून मूठभर रवा घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, करणारी काकू "बेसनाचाच आहे गं" असं अगदी खरं मनाने सांगते, रवा तिच्या हिशेबात धरलेलाच नसतो. म्हणून "यात गहू आहे का" असं विचारूच नका, "यात काय काय घातलंय" असं विचारा. डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवातही कणीक असते कधी कधी. अळीवाचे, तिळाचे, राजगिऱ्याचे लाडू चालतात.

होळीला पुरणपोळीचं काय? पुरण चालतं, पोळी नाही. वाटीत गरम पुरण, त्यावर दूध-तूप, बाजूला कटाची आमटी आणि भात. मुलं आधी रुसतात पण पुरण जास्त मिळतंय म्हटल्यावर गप्प बसतात.

हिंग, मेतकूट, भाजणी

हिंगापासून सुरू करू कारण तो सगळ्यात असतो. आपण डबीतून वापरतो तो शुद्ध हिंग नसतो, शुद्ध हिंग म्हणजे झाडाच्या मुळातून निघणारा चीक, तो इतका उग्र असतो की फोडणीत टाकायला परवडतही नाही आणि सोसतही नाही. म्हणून तो पिठात आणि डिंकात मुरवून विकतात, त्याला बांधानी हिंग म्हणतात, आणि ते पीठ बऱ्याच वेळा मैद्याचं असतं. डबी हातात घ्या, घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, तोच घ्या, किंवा सरळ हिंगाशिवाय फोडणी द्या, लसूण आहे की. पण नुसती स्वतःची डबी बदलून भागत नाही, कारण हिंग लोणच्यात आहे, पापडात आहे, सांबार मसाल्यात आहे, मठ्ठ्यात आहे, लग्नाच्या वरणात आहे. घरातल्या माणसाचं सगळं बंद करूनही त्रास कमी होत नसेल तर आधी लोणच्याची बरणी तपासा असं मी सगळ्यांना सांगते.

मेतकुटात पारंपरिक पद्धतीने हरभराडाळ, उडीदडाळ, तांदूळ यांच्याबरोबर थोडे गहूही भाजून घालतात. आजारी माणसाला मऊभात-मेतकूट देतात आणि इथे नेमकं आजाऱ्यालाच ते चालत नाही! घरी गहू वगळून करा, चवीत कुणाला कळणारही नाही. थालीपिठाची भाजणी तशीच, ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धने आणि गहू. विकतची भाजणी म्हणजे गहू आहेच असं धरून चाला. गहू काढून घरी भाजा, थापायला जरा सुटी वाटली तर उडीद किंचित वाढवा. धपाट्यांनाही हेच.

बाकी चटकन सांगते. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणजे गाडीवरचं चायनीज बाद. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरीत माल्ट असतं, ते जवाचं. बिअर जवाची. नाचणीची बिस्किटं पाकीट उलटं करून बघा, बहुतेकांत पहिला घटक कणीक किंवा मैदा. मल्टिग्रेन म्हणजे गहू अधिक थोडं थोडं बाकीचं. आइस्क्रीम कपात घ्या, कोनात नको.

पाकिटावर काय बघायचं? आपल्याकडे एफएसएसएआयच्या (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार ग्लूटेन-फ्री लिहायचं तर एक किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. आणि गहू, जव असले तर अ‍ॅलर्जीच्या सूचनेत तसं लिहावं लागतं, ती ओळ घटकांच्या आसपास बारीक अक्षरात असते, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. ग्लूटेन-फ्री सोडून पाकिटाच्या पुढच्या बाजूला बाकी काय छापलंय त्याला काही अर्थ नाही.

गिरणी

आता मुख्य दुखणं. ज्वारीत ग्लूटेन नाही हे शंभर टक्के खरं, पण तुमच्या ज्वारीच्या पिठात नाही असं कोण म्हणालं? गिरणीत दिवसभर गहूच दळला जातो. तुमच्या आधी कुणाचे तरी पाच किलो गहू गेलेले असतात, दगडांच्या फटीत, पीठ पडतं त्या कापडी नळीत, आतल्या कोपऱ्यांत ती कणीक बसलेली असते, आणि तुमच्या दोन किलो ज्वारीतलं पहिलं ओंजळभर पीठ खरं तर त्यांचंच असतं. शिवाय हवेत उडणारं पीठ वेगळंच. दळणारे काका कितीही भले असले, "ताई झाडून घेतो" म्हणाले, तरी फडक्याने झटकून हे जात नाही.

परवडत असेल तर घरघंटी घ्या आणि त्यात आयुष्यात गहू घालू नका. उलटं करा, घरातल्या बाकीच्यांचा गहू गिरणीत पाठवा आणि ज्वारी-तांदूळ-डाळ घरी. बेसनही घरीच दळा, विकतच्या सुट्या बेसनाचा भरवसा नाही. जुनी घरघंटी ज्यात गहू दळलेला आहे ती चालेल का असं विचारतात, तर माझं मत नाही, ती आत कुठवर साफ होते तुम्हीच उघडून बघा. घरघंटी शक्य नसेल तर तांदूळ, वरई, राजगिरा मिक्सरवर होतात, आणि ज्वारी-नाचणीचं पीठ ग्लूटेन-फ्री लिहिलेलं पाकीटबंद घ्या. काही गिरण्यांत उपवासाचं दळण वेगळ्या चक्कीवर करतात, जवळपास तशी असेल तर नीट चौकशी करा, चक्की खरंच वेगळी आहे की त्याच चक्कीला पुसून उपवासाची म्हणतात.

आणि धान्य निवडा. वाण्याकडे ज्वारीचं पोतं गव्हाच्या शेजारी असतं, माप एकच असतं, त्यामुळे ताटात पसरून गव्हाचे दाणे वेचायचे, मग धुऊन कडक वाळवून दळायचं. कंटाळवाणं आहे, पण टीव्ही बघत बघत होतं.

ओटा आणि भांडी

एकाच घरात पोळ्याही होणार आणि भाकरीही होणार, त्याला इलाज नाही, सगळ्यांनी गहू सोडावा अशी अपेक्षा करू नका, टिकत नाही. पीठ चाळायची चाळणी पूर्ण वेगळी हवी, तिच्या जाळीतली कणीक कधीच निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणं, काठवट वेगळी. तवा वेगळा, निदान लोखंडी असेल तर. स्टीलची परात, पातेली, कुकर नीट घासले की झालं. भाकरी आधी करा, पोळ्या नंतर, कारण पोळ्यांची पिठी उडून ओटाभर बसते. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणावडा तळायचा नाही. तूप-लोण्याच्या डब्यात पोळीचा तुकडा बुडवणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं, त्याच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवा, भांडण्यात अर्थ नाही.

एवढंसं गेलं तर काय होतंय, असं घरातली मोठी मंडळी म्हणतातच. दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम ग्लूटेनपर्यंत बहुतेक पेशंटना धकतं असं मानतात, आणि एका पोळीत ते ग्रॅममध्ये असतं. म्हणजे पोळीचा नखाएवढा तुकडा सुद्धा जास्त होतो. त्रास लगेच दिसला नाही तरी आतड्याला इजा होतच राहते, म्हणून "मागच्या वेळी खाल्लं तेव्हा काही झालं नाही" हा मुद्दा धरायचा नाही.

बाहेर खाताना

बटाटेवडा बेसनाचा, मग चालायला हवा ना? पण कढई तीच ज्यात समोसे तळलेत. भेळेत कुरमुरे आणि शेव ठीक, पुरी नको, आणि भेळवाल्याचा हात त्याच पुरीच्या डब्यात असतो, त्यामुळे मी तरी घरीच करते. मिसळीचं फरसाण विकतचं असेल तर मैद्याचं काहीतरी असतंच, घरून शेव न्या आणि नुसती उसळ-कट मागा, हिंगाचं विचारून. पाणीपुरी विसरा. हॉटेलात इडली त्यातल्या त्यात बरी, डोसा कुरकुरीत व्हायला पिठात रवा घालतात का ते विचारून घ्या.

सत्यनारायणाचा प्रसाद हा नाजूक विषय. शिरा रव्याचा, आणि प्रसादाला नाही कसं म्हणणार. सोपं आहे, पंचामृत आणि केळं घ्यायचं, तोही प्रसादच. आपल्या घरी पूजा असेल तर वरईचा किंवा तांदळाच्या रव्याचा शिरा करा, गुरुजींना आधी विचारून ठेवा म्हणजे ऐनवेळी चर्चा नको.

लग्नाला जाताना केटररला दोन दिवस आधी फोन करायचा, पण "ग्लूटेन" हा शब्द वापरू नका, "गहू, मैदा, रवा आणि हिंग चालत नाही" असं सांगा, त्याला लगेच समजतं. आणि तरीही पर्समध्ये दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवाच, तिथे साधा भात आणि दही मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर पंगतीत बसून आपली भाकरी खायची, आग्रह करणाऱ्याला डॉक्टरांचं नाव सांगायचं.